डावं दार

खोकं देताना पोस्टमननं विचारलं,
विटा मागवल्यात का बाई?
साडेनऊ किलो.
नवरा पावती वाचून म्हणाला,
एवढ्यात कॉव्हेंट्रीत खरी गाडी येते,
सेकंडहँड,
पण चालते तरी.

ही चालणार नाही, मला ठाऊक होतं.
स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळतील,
बॉनेट उघडेल, स्प्रिंगा दबतील,
पिस्टन वरखाली होतील बोटानं फिरवल्यावर,
पेट्रोलचा वास मात्र कधीच नाही.
एक हजार तीनशे बारा भाग
आणि इटलीहून आलेली पुस्तिका,
तिचं इंग्रजी बहुधा कुणाच्या भाच्यानं केलेलं:
स्क्रू प्रेमाने आवळा, परंतु फार नाही.

प्रमाण आठास एक.
म्हणजे सहा फुटी माणूस
या गाडीच्या हिशेबात बरोबर एक वीत.

एकतीस वर्षं मी या गावाचे दात कोरले.
शेवटच्या दिवशी दवाखान्यातून आणलं ते एवढंच:
दोन प्रोब, एक चिमटा, डोळ्यांवरचं भिंग.
तेच आता मिलिमीटरभर स्क्रूंच्या मागे.
लेक फोनवर विचारते, दातांपेक्षा सोपं आहे का गं?
आहे.
कार्ब्युरेटर माझं मनगट धरत नाही.

अर्ल्सडनमधलं हे घर एका घड्याळजीचं होतं म्हणे,
मागच्या खोलीला भिंतभर खिडकी त्याच्यामुळे.
त्याचं एखादं चाक अजून फळ्यांच्या फटीत असेल.
माझे तीन स्क्रू गेलेत त्याच्याकडे.

एका चाकाला बहात्तर आरे,
स्टेपनी धरून चाकं पाच.
जानेवारी त्यातच गेला.
एकदा एकोणसत्तराव्या आऱ्याशी पोचल्यावर कळलं
की तिसराच चुकलाय.
स्वेटर उसवावा तसं चाक उसवलं
आणि न जेवता झोपले.

मार्चमध्ये शेजारचा क्लिफ हॅडन
शिडी परत करायला आला
आणि शिडी खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिला.
ही मी केलीय, म्हणाला.
मग जरा थांबून: म्हणजे, डावी दारं.

बावीस वर्षं डावी दारं.
पट्टा सरकायचा, दार लागायचं,
पट्टा सरकायचा.
पलीकडे उजव्या दाराला रॉय,
काचेच्या चौकटीतून डोकं आणि खांदे तेवढे दिसायचे.
चालवणाऱ्याचं दार रॉयचं,
माझं, शेजारी बसणाऱ्याचं.
त्याच्या दाराला हात लावला असता
तर युनियन आली असती,
युनियनच्या आधी रॉय.

शिडी भिंतीला टेकवून तो बसला.
पुस्तिका मी पुढे केली, त्यानं चहा ठेवायला घेतली.
अकरा मिनिटं.
बिजागरी, पट्टी, बिजागरी,
मग अंगठ्याचं नख फटीतून वरून खालपर्यंत ओढलं,
वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी
हात जरासुद्धा न कापता.
माझे कापतात आताशा. कुणाला सांगितलेलं नाही.

चहा संपला तरी तो उठेना.
मी मफिनच्या साच्यातले उजव्या दाराचे भाग
त्याच्याकडे सरकवले.
त्यानं हात पँटला पुसले,
कुणी बघत नाही ना असं पाहिलं,
खरंच पाहिलं, मागे वळून.

दुपार गेली त्यात.
तीनदा लावलं, तीनदा काढलं.
सगळं उलट्या हाताचं,
आरशात दाढी करताना गोंधळावं तसं.
चौथ्यांदा दार मिटलं,
अगदी बारीक आवाज, दाताला दात लागल्यासारखा.

तो वाकला,
टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली
आणि उजव्या खिडकीतून आरपार
डाव्या खिडकीकडे बघत राहिला,
जिथून बावीस वर्षं तो स्वतः दिसला असेल.

हे अवघड आहे, म्हणाला.
रॉय कधी बोलला नाही.

शिडी अजून आमच्याच घरात आहे.
वायपर राहिलेत, हॉर्नची तार राहिलीय,
आणि एक पितळी चकती
जी पुस्तिकेत कुठेच नाही.